प्रश्न दुसरा होता

धाकटीला ऐकू येत नव्हतं. चार वर्षांची असताना तापात तिचे कान गेले, आणि तोवर जे काही बोबडं बोलणं आलं होतं तेही महिन्याभरात विरून गेलं. आई त्याच्या दोन वर्षं आधीच वारली होती. वडिलांनी थोरल्या मुलीला समोर बसवलं आणि सांगितलं, "आजपासून तू हिचे कान." थोरली तेव्हा तेरा वर्षांची होती. तिने ते वाक्य असं काही मनावर घेतलं की पुढची बत्तीस वर्षं दुसऱ्या कुणाला ते काम करूच दिलं नाही.

दोघींनी मिळून खुणांची एक भाषा तयार केली. गुडघ्यावर हात मारला की वडील, कारण ते लंगडत चालायचे. चष्म्याची दांडी सावरल्यासारखं केलं की आत्या. हनुवटीला अंगठा लावला की ताई. उद्या, परवा, राग, भूक, लाज, खोटं, सगळ्याला खुणा होत्या. ही भाषा जगात दोनच माणसांना येत होती. मूकबधिर मुलांची शाळा दुसऱ्या गावी होती, मुलीला तिथे ठेवावं लागलं असतं. वडिलांनी नको म्हटलं. त्यामुळे धाकटीचं लिहिणं-वाचणं आपलं नाव, आकडे आणि काही सोपे शब्द यांच्यापुढे गेलं नाही.

ताई मोठी झाल्यावर एका बाइंडिंगच्या कारखान्यात ऑफिसात लागली. फोन घ्यायचे, ऑर्डरी लिहायच्या. वर्षभराने तिने मालकांना सांगून धाकटीलाही तिथेच लावून घेतलं. छापून आलेले फर्मे, म्हणजे घडी घातलेले छापील ताव, क्रमाने जुळवायचे आणि दाभणाने भोकं पाडून शिवायचे, हे धाकटीचं काम. तिचा हात इतका बसला होता की तिने शिवलेलं पुस्तक मधोमध उघडून पालथं टाकलं तरी पान सुटत नसे. पुस्तकात काय लिहिलंय ते तिला कळत नसे, पण पानाचा क्रमांक चुकलेला तिला लांबून दिसे.

अकरा वर्षं ती त्याच टेबलावर होती. तिच्यानंतर आलेल्या दोघीतिघी पुढे गेल्या, एकीला तर वरच्या मजल्यावर सोनेरी अक्षरांच्या कामावर घेतलं. चामड्याच्या पुठ्ठ्यावर तापलेल्या ठशाने सोनेरी नाव उठवायचं, हे कारखान्यातलं सगळ्यात नाजूक काम. धाकटी जेवणाच्या सुट्टीत कधी कधी जिन्यात उभी राहून ते बघायची. तिने एकदा ताईला विचारलंही होतं, मला हे काम का देत नाहीत? ताईने खुणांनी सांगितलं, "मालक म्हणतात, बहिरीला ठेवलंय हेच खूप. दयेवर आहोत आपण. सांभाळून राहा." त्यानंतर धाकटीने विषय काढला नाही. मालक समोरून आले की ती मान खाली घालायची.

मग कारखान्यात कटिंग मशीनवर एक नवीन बाई आली. चाळिशीची, दणकट, मोठ्याने हसणारी. तिचे आई-वडील दोघेही बहिरे होते, त्यामुळे ती बोलायच्या आधी हातांनी बोलायला शिकली होती. पहिल्याच आठवड्यात ती जेवणाचा डबा घेऊन धाकटीसमोर येऊन बसली आणि हातवारे करू लागली. धाकटीला त्यातलं काहीच कळेना. कटिंगवालीला आश्चर्य वाटलं, मग वाईट वाटलं, आणि मग तिने रोज जेवणाच्या सुट्टीत शिकवायला सुरुवात केली. बहिऱ्या माणसांची खरी भाषा, हजारो माणसं जी बोलतात ती. बरोबर वहीवर अक्षरंही. धाकटी अधाशासारखी शिकली. आठ महिन्यांत दोघींच्या गप्पा होऊ लागल्या.

ताईला हे फारसं रुचलं नव्हतं. "कानामागून आली आणि तिखट झाली," ती ऑफिसातल्या बायकांना म्हणाली. बायका हसल्या. कटिंगवालीच्या कानावर ते आलं आणि तिने ते जसंच्या तसं धाकटीला खुणांनी सांगितलं. धाकटीला म्हण समजायला पाच मिनिटं लागली, आणि समजल्यावर तीही हसली. लोक आपल्यामागे काय बोलतात हे तिला असं थेट कळण्याची ती पहिलीच वेळ होती.

"तू मला सगळंच सांगतेस," ती म्हणाली. "वाईटसुद्धा."

"मग? गाळून सांगायला मी कोण?" कटिंगवाली म्हणाली. "माझ्या आईला कुणी शिवी दिली तरी मला ती सांगावी लागायची. नाहीतर ती मलाच मारायची."

त्या वर्षी ताईला जोराचा ताप आला आणि ती चार दिवस घरी राहिली. दुसऱ्या दिवशी मालक धाकटीच्या टेबलाशी आले. पासष्टीचे, थकलेले, हाताला कायम सरसाचा वास. त्यांनी कटिंगवालीला हाक मारली.

"हिला एक विचार. वरच्या मजल्यावरच्या बाई पुढच्या महिन्यात निवृत्त होतायत. मी हिला तीनदा वर ये म्हटलं आणि तिन्ही वेळा ही नाही म्हणाली. आता शेवटचं विचारतो. एवढा चांगला हात आहे, मग अडचण काय आहे हिची?"

कटिंगवालीने सगळं सांगितलं. धाकटीने दोनदा परत सांगायला लावलं. मग म्हणाली, "मला कधीच कुणी विचारलं नाही."

"असं कसं?" मालक म्हणाले. "ताई मध्ये होती. मी विचारलं, तिने हिला खुणा केल्या, आणि हिने माझ्यासमोर मान हलवली. नाही, नाही. ताई म्हणाली, तिला नवीन माणसांची भीती वाटते, आग्रह करू नका. मी या डोळ्यांनी बघितलंय मान हलवताना."

धाकटीला तिन्ही वेळा आठवल्या, कारण मालक तिच्याशी बोलायला आले असे प्रसंगच थोडे होते. पहिल्यांदा ताईने खूण केली होती, "मालक विचारतायत, काम जड जातंय का?" दुसऱ्यांदा, "घरी काही त्रास आहे का?" तिसऱ्यांदा, "तब्येत बरी नाही का?" तिला तेव्हा नवल वाटलं होतं, की आपल्याला दयेवर ठेवणारा माणूस इतक्या आपुलकीने विचारतो. आणि तिने मान हलवली होती. नाही. जड जात नाही. नाही, त्रास नाही. नाही, मी बरी आहे.

"मान मीच हलवली," तिने कटिंगवालीला सांगितलं. "पण प्रश्न दुसरा होता."

कटिंगवालीने ते मालकांना ऐकवलं. मालक म्हणाले, "मला वाटायचं, तुला गर्व आहे. माझ्याकडे बघतही नाहीस."

त्या संध्याकाळी धाकटी घरी गेली, ताईला औषध दिलं, पेज करून दिली, आणि काहीच बोलली नाही. ताईचं डोकं चेपताना तिचे हात नेहमीसारखेच चालत होते, याचं तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. हिने एक बदललं असेल तर आणखी काय काय बदललं असेल, हा विचार मनात आला आणि गेलाच नाही. तपासायचं तर विचारायचं कुणाला? तिच्या आयुष्यातली एकूण एक माणसं तिच्यापर्यंत ताईच्या हातांतून आली होती.

एक प्रसंग मात्र असा होता की ज्याला साक्षीदार होता. सहा वर्षांपूर्वी वडील दवाखान्यात वारले, तेव्हा खाटेभोवती तिघीजणी होत्या. दोघी बहिणी आणि आत्या. वडिलांनी धाकटीचा हात धरला होता आणि ते बराच वेळ काहीतरी बोलत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने ताईकडे बघितलं, तर ताईने खूण केली, "बाबा म्हणतायत, ताईचं ऐक. ताईला कधी सोडू नकोस." धाकटीने वडिलांकडे बघून होकाराची मान हलवली होती. ते वचन तिने सहा वर्षं पाळलं होतं.

रविवारी ती कटिंगवालीला घेऊन आत्याकडे गेली. आत्या ऐंशीच्या पुढची, पण डोकं लख्ख. दार उघडताच म्हणाली, "मुकी आज एकटी कशी आली?" कटिंगवालीने तेही जसंच्या तसं सांगितलं. आत्या आपल्याला मुकी म्हणते हे धाकटीला या वयापर्यंत माहीत नव्हतं. ताई सांगायची, आत्या तुला राणी म्हणते.

चहा झाल्यावर तिने विचारलं. आत्याने आधी टाळाटाळ केली. "मेलेल्या माणसाचं बोलणं कशाला उकरायचं? आपलेच दात, आपलेच ओठ."

"मला फक्त त्यांचे शब्द हवेत," धाकटी म्हणाली.

आत्याने पदराने चष्मा पुसला. "तो म्हणाला, पोरी, माझं चुकलं. तुला शाळेत घालायला हवं होतं. मला तुझ्याशिवाय करमलं नसतं म्हणून मी घातलं नाही, आणि तुझं नुकसान केलं. मला माफ कर. मग थोरलीकडे वळून म्हणाला, आता तरी हिला शिकू दे, हिला मोकळी कर." आत्याने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "तू मान हलवलीस. त्याला वाटलं, तू माफ केलंस. शांतपणे गेला तो. मला वाटलं, तुला सगळं कळलंय."

"मग इतकी वर्षं मी शिकले नाही, तेव्हा तू काही बोलली का नाहीस?"

"थोरली म्हणाली, तिचीच इच्छा नाही." आत्या आपल्या हातांकडे बघत म्हणाली. "तुला विचारायचं तरी तिलाच विचारावं लागत होतं ना."

परत येताना दोघी अर्धा रस्ता चालल्या. धाकटी रडली नाही. फक्त एकदा थांबून म्हणाली, "बाबांनी माझी माफी मागितली आणि मी त्यांना सांगितलं, हो, मी ताईचं ऐकेन."

घरी ताई उशीला टेकून बसली होती, ताप उतरलेला. धाकटीने दार लावलं, समोर स्टूल ओढलं आणि त्यांच्या जुन्या खुणांनी एकेक गोष्ट विचारली. मालकांचे तीन प्रश्न. मग वडील.

ताईने आधी नाकारलं. मग म्हणाली, त्या बाईने तुझे कान भरले. म्हणताना तिच्याच लक्षात आलं की आपण काय म्हटलं, आणि तिने तोंड फिरवलं. मग ती चिडली. "तुला कधी बोट तरी लावलं का मी? आवाज चढवला का?" आणि स्वतःशीच तोंडाने म्हणाली, आवाज चढवून उपयोग तरी काय होता. "तळहाताच्या फोडासारखं जपलं तुला. लग्न केलं नाही. दोन स्थळं नाकारली, ते म्हणाले बहीण नको. तुला माहीत तरी आहे का?"

"नाही," धाकटी म्हणाली. "तेही तू मला सांगितलं नाहीस."

"लोकांचं बोलणं तुला लागलं असतं."

"लागलं असतं तर माझं मला लागलं असतं."

ताईने भिंतीकडे तोंड केलं. हात अंगावरच्या शालीखाली घेतले. त्यांच्यात हात झाकणं म्हणजे बोलणं संपवणं. लहानपणापासून भांडणात ताई असंच करायची, आणि धाकटी मग रडत तिची शाल ओढायची. या वेळी धाकटीने शाल ओढली नाही. तिने पिशवी भरली.

कटिंगवालीच्या ओळखीने कारखान्याच्या मागच्या गल्लीत एक खोली मिळाली. पण मोठ्यांसाठीच्या लिहिण्या-वाचण्याच्या वर्गात नाव घालायचं तर दाखला लागत होता, आणि तिचे सगळे कागद ताईच्या कपाटात, ताईच्या किल्लीत. ताई देईना. मागायला गेलं की दार उघडायची, जेवायला वाढायची, आणि कागदांचं नाव काढलं की हात शालीत. म्हणून धाकटी आणि कटिंगवाली बायकांसाठीच्या मदत केंद्रात गेल्या.

तिथल्या अधिकारीबाई पन्नाशीच्या होत्या. त्यांच्यासमोर छापील फॉर्म होता. कटिंगवाली मध्ये बसली.

"बहीण मारायची?"

"नाही."

"उपाशी ठेवायची?"

"उलट, आधी माझ्या ताटात वाढायची."

"घरात कोंडायची?"

धाकटीने विचार केला. "दार उघडंच असायचं. पण दाराबाहेर कोण काय म्हणतंय, ते तीच सांगायची."

अधिकारीबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या वाईट नव्हत्या, दमलेल्या होत्या. "हे बघा, आज सकाळी इथे एक बाई येऊन गेली, तिचा जबडा मोडलाय. तुमच्या बहिणीने खोटं सांगितलं, चूक केली. पण फॉर्मवर वर 'हिंसा' लिहिलंय. याला मी हिंसा म्हटलं तर त्या बाईच्या जबड्याला काय म्हणू?"

कटिंगवालीने ते सांगितलं. धाकटीने उत्तर दिलं.

"तिचं दुखणं मोठं आहे, मी नाही म्हणत नाही. पण तिला माहीत आहे की तिला मारलं, आणि कुणी मारलं. मला वयाच्या छत्तिसाव्या वर्षापर्यंत कळलंच नाही. मी रोज तिचे आभार मानत होते. मी जे बोलले ते लोकांपर्यंत गेलं नाही आणि लोक बोलले ते माझ्यापर्यंत आलं नाही. लोकांना माहीत असलेली बाई दुसरीच आहे. तिला गर्व आहे, तिला भीती वाटते, तिला शिकायचं नाही. ती ताईने बनवली. माझं हाड मोडलं नाही, बाई. पण मी होते कुठे?"

या उत्तराने अधिकारीबाईंचं पूर्ण समाधान झालं असं नाही. त्यांनी 'कागदपत्रे अडवून ठेवणे' या रकान्यात खूण केली, कारण ते बसत होतं. धाकटीने बोट ठेवून विचारलं, काय लिहिलंत? कटिंगवालीने वाचून दाखवलं. धाकटीने नाही म्हणून मान हलवली आणि फॉर्म आपल्याकडे ओढला. खालच्या मोकळ्या जागेत तिने वाकड्या अक्षरांत लिहिलं, 'माझ बोलण बदलल.' अधिकारीबाईंनी ते वाचलं, आणि खोडलं नाही.

पुढच्या आठवड्यात ताईला बोलावणं गेलं. ती फाइल घेऊन आली, केस नीट विंचरलेले, इस्त्रीचे कपडे. अधिकारीबाईंनी कागद बघितले आणि सवयीने ताईकडेच वळून म्हणाल्या, "तिला विचारा, सगळे आहेत का." ताईचे हात वर उठले. मग तिने कटिंगवालीकडे बघितलं आणि हात मांडीवर ठेवले. कटिंगवालीने विचारलं. सगळे होते.

काम खरं तर तिथेच संपलं होतं. पण ताई उठली नाही. ती तोंडाने बोलू लागली, अधिकारीबाईंकडे बघत, आणि कटिंगवालीचे हात चालू लागले.

"पहिल्यांदा मी बदललं तेव्हा पंधरा वर्षांची होते. दुकानदार हिच्याबद्दल घाणेरडं बोलला. हिने विचारलं, काय म्हणाला? मी सांगितलं, गोड मुलगी आहे म्हणाला. ही त्याच्याकडे बघून इतकी गोड हसली की तोच ओशाळला. मला वाटलं, किती सोपं आहे हे." ती अजूनही अधिकारीबाईंकडेच बघत होती. "आधी तिच्यासाठीच करत होते. मग कधी माझ्यासाठी करायला लागले, ते माझं मलाच कळलं नाही. ती वरच्या मजल्यावर गेली असती, शाळेत गेली असती, तर तिला माझी गरज उरली नसती. मला दुसरं काही येत नाही. मी तेराव्या वर्षापासून तिचे कान आहे."

"बाबा काय म्हणाले होते?" धाकटीने विचारलं.

ताईने या वेळी हातांनी उत्तर दिलं, त्यांच्या जुन्या खुणांत. माफी. शाळा. मोकळी कर. आत्याने सांगितलं होतं तसंच सगळं.

"आणि आई?" धाकटीने विचारलं. "तू सांगायचीस, आई मला मांडीवर घेऊन गायची. माझ्यासाठी निळं झबलं शिवलं होतं. ते?"

"ते खरं आहे."

"कशावरून?"

आई गेलेली, वडील गेलेले, आत्या तेव्हा दुसऱ्या गावी होती. साक्षीला कुणीच नव्हतं. "खरं आहे गं," ताई परत म्हणाली. ते खरं असावं असं धाकटीला फार वाटत होतं, आणि तेवढ्यामुळेच तिला त्यावर विश्वास ठेवता येईना. लोक म्हणतात, केसाने गळा कापला. ज्याचा कापला जातो त्याला रक्त दिसत नाही, फक्त मागची एकही आठवण सहज गिळता येत नाही.

धाकटी आता वरच्या मजल्यावर असते. पहिल्या महिन्यात तिने सहा पुठ्ठे जाळले आणि मालकांनी तिला चांगलंच झापलं. कटिंगवालीने एकही शब्द न गाळता ते सांगितलं, आणि धाकटी त्या दिवशी घरी जाऊन रडली. दुसऱ्या दिवशी तिने मालकांना सांगितलं, ठसा जास्त तापतो, यंत्र दुरुस्त करा. तपासलं तर तिचं बरोबर निघालं. संध्याकाळी ती वर्गाला जाते. पेपरातले मथळे आता तिला वाचता येतात, आतल्या मजकुराला वेळ लागतो.

ताईशी तिने संबंध तोडले नाहीत. रविवारी दुपारी ती जुन्या घरी जाते, दोघी जेवतात, भांडी घासतात. शेजारच्या बाई कधी डोकावतात, काहीतरी बोलतात, आणि ताई ते खुणांनी सांगते. एका रविवारी शेजारीण गेल्यावर ताईने विचारलं, "तू मला माफ केलंस का?"

धाकटीने हातातली ताटली पुसून ठेवली. "माहीत नाही," ती म्हणाली. "तू दुसऱ्याचं काही सांगतेस तेव्हा मी आता नुसतं तुझ्या हातांकडे बघत नाही. त्या माणसाच्या चेहऱ्याकडेही बघते. तुझे हात आणि त्याचा चेहरा जुळतात का, ते बघत असते. मला ते थांबवता येत नाही."

ताईने समजल्यासारखी मान हलवली. मग तिने पुढची ताटली धुऊन धाकटीच्या हातात दिली.